रानांतील मुक्काम आणि घराची रीत

(विद्यार्थी व पालक यांजकरितां एक पाठ)

परंपरा हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें कांहींतरी फार जुनें, फार मोठें व आपल्या हातीं नसलेलें असें उभें राहतें. सण, उत्सव, लग्नांतील विधि हे सर्व पूर्वजांनीं ठरवून ठेविले. आपण ते केवळ चालवावयाचे, अशी आपली समजूत असते. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, प्रत्येक परंपरेस केव्हांतरी पहिला दिवस होता. कोणा एका कुटुंबानें एखादी गोष्ट प्रथम केली. दुसऱ्या वर्षीं ती आठवणीनें पुन्हां केली. आणि तिसऱ्या वर्षीं मुलांनीं ती आपण होऊन मागितली. त्या तिसऱ्या वर्षीं रीत जन्मास आली. तेव्हां परंपरा जशी वारशानें मिळते, तशी ती नव्यानें लावतांही येते. ती लावण्यास योग्य स्थळ कोणतें, असा प्रश्न केल्यास, रानांतील एक-दोन रात्रींचा मुक्काम, असें आमचें उत्तर आहे. आणि तें कां, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

हल्लीं नाताळच्या सुटींत व उन्हाळ्यांत आपल्या खानदेशांतील पुष्कळ कुटुंबें घराबाहेर मुक्कामास जातात. कोणी सातपुड्यांत पालच्या बाजूस जातात, कोणी तोरणमाळास, कोणी चाळीसगांवजवळील पाटणादेवीच्या परिसरांत, तर कोणी आपल्या स्वतःच्या शेतावर. तंबू बाजारांत विकत मिळतो, गाडी भाड्यानें मिळते, आणि परत येतांना मोबाईलमध्यें शेंकडों छायाचित्रें येतात. पण पुढील वर्षीं त्यांतील किती छायाचित्रें आपण उघडून पाहतों? वर्गांत “कुटुंबाबरोबर घराबाहेर घालविलेली एक रात्र” या विषयावर निबंध लिहावयास दिला असतां एक मौज दृष्टीस पडते. बहुतेक मुलें डोंगर, धबधबे व देखावे यांचें वर्णन दोन ओळींत आटोपतात. मात्र बाबांनीं थापलेली भाकरी तव्यावर टाकतांना कशी फाटली, आजीनें अंधारांत कोणती गोष्ट सांगितली, कंदील विझल्यावर सर्वजण कसे हंसले, हें पानभर लिहितात. मुलांच्या स्मरणांत कोणता माल टिकतो, हें यावरून पालकांनीं ओळखावें.

१. रीत कशास म्हणावें?

सहल व रीत यांत भेद आहे. रीत ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली खूण अशी कीं, ती ठराविक वेळीं पुन्हां होते. दुसरी अशी कीं, तींत घरांतील प्रत्येकाचा हात असतो; अगदीं लहान मुलाकडेही एखादें काम असतें आणि तें त्याचेंच असतें. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. ती अशी कीं, त्या रीतीचें कारण मुलांस सांगितलेलें असतें. पहिली खूण नसेल तर ती एका दिवसाची गंमत होय. दुसरी नसेल तर एकानें खपावें व इतरांनीं पाहत बसावें असा प्रकार होतो. आणि तिसरी नसेल तर ती रीत पुढच्या पिढीस ओझें वाटूं लागते, व संधि मिळतांच ती पिढी तें ओझें खालीं ठेविते.

२. शास्त्रांतील मुक्काम

या तीनही खुणा एकत्र पाहावयाच्या असल्यास पवित्र शास्त्र उघडावें. लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत मांडवांचा सण सांगितला आहे. इस्राएल लोकांनीं पीक घरांत आल्यावर दर वर्षीं झाडांच्या डहाळ्या आणून मांडव घालावे व सात दिवस त्यांत राहावें, अशी ती आज्ञा आहे. तिचें कारणही तेथेंच दिलें आहे. मिसर देशांतून निघाल्यावर आपले पूर्वज मांडवांत राहिले होते, हें पुढील पिढ्यांस कळावें, हा तिचा हेतु. ज्यांनीं पुढें पक्कीं घरें बांधलीं, त्यांच्या मुलांस प्रवासाचे दिवस ठाऊक असणें शक्य नव्हतें. म्हणून वर्षांतून सात दिवस घर सोडून पानांच्या छपराखालीं झोंपावयाचें. ग्रंथ वाचून जें ध्यानांत येण्यास वर्षें लागतील, तें डहाळ्यांतून दिसणाऱ्या चांदण्यांनीं एका रात्रींत मुलास शिकविलें.

यहोशवाच्या चवथ्या अध्यायांतील कथाही अशीच आहे. यार्देन नदी उतरल्यावर लोकांनीं नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून गिलगाल येथील तळावर उभे केले. कशासाठीं? पुढें मुलें विचारतील कीं हे धोंडे कशाचे, तेव्हां वडिलांनीं त्यांस सर्व हकीकत सांगावी म्हणून. येथें एक मर्म लक्षांत घ्यावें. मुलांस उपदेश करा, एवढेंच सांगितलेलें नाहीं. मुलें प्रश्न विचारतील अशी वस्तु त्यांच्या डोळ्यांपुढें ठेवा, असें सांगितलें आहे. विचारल्यावांचून दिलेलें उत्तर कानांवरून जातें; विचारून मिळालेलें उत्तर मनांत राहतें.

नव्या करारांत लूक सांगतो कीं, प्रभु येशूचे आईबाप दर वर्षीं वल्हांडणाच्या सणास यरुशलेमेस जात असत, आणि तो बारा वर्षांचा झाला तेव्हां ते त्यास घेऊन नेहमींच्या रीतीप्रमाणें गेले. नासरेथचें तें एक सुताराचें घर. वाट कित्येक दिवसांची, आप्तांची व ओळखीच्यांची सोबत, वाटेंत मुक्काम. हा प्रवास त्या घराची वार्षिक रीत होती. स्तोत्रसंहितेंत आरोहणस्तोत्रें या नांवाचीं पंधरा स्तोत्रें आहेत. यरुशलेमेकडे चढून जाणारे यात्रेकरू तीं वाटेनें गात असत असें पुष्कळ विद्वान मानतात.

३. ग्रंथ गेले, रीत राहिली

घरांतील रीतीचें बळ किती असतें याचें उदाहरण मराठी बोलणाऱ्या एका समाजानेंच घालून दिलें आहे. कोंकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल हे यहूदी लोक शेंकडों वर्षें इतर यहूद्यांपासून दूर राहिले. इब्री ग्रंथ त्यांजवळ उरले नाहींत, ती भाषाही ते विसरले, आणि मराठी त्यांची मातृभाषा झाली. तेलघाणे चालविणें हा त्यांचा मुख्य धंदा होता. परंतु शनिवारीं घाणा बंद ठेवावयाचा, ही घरची चाल त्यांनीं सोडिली नाहीं. त्यावरून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. पुढें अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बाहेरच्या यहूद्यांशीं त्यांचा संबंध जुळून धर्मशिक्षण पुन्हां सुरू झालें, आणि इ. स. १७९६ मध्यें मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान उभें राहिलें. मधल्या काळांत त्यांजवळ शाळा नव्हती, ग्रंथ नव्हते. आठवड्यांतून एक दिवस थांबणारा घाणा होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे निर्बंध होते, आणि पाठ असलेलें एक लहानसें प्रार्थनावचन होतें. तेवढ्या शिदोरीवर त्या समाजानें आपली ओळख राखिली. तेव्हां घरांतील लहान रीतीस कोणी क्षुल्लक म्हणूं नये.

४. आपल्या खानदेशांतील मुक्काम

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. घराबाहेर चूल मांडण्याची आवड खानदेशास कोणी शिकवावयास नको. हिंवाळा सुरू झाला कीं जळगांव जिल्ह्यांत शेतांवर भरिताचे बेत ठरूं लागतात. यावल तालुक्यांतील बामणोदचीं मोठीं, हिरवट वांगीं यासाठीं प्रसिद्ध आहेत, व इ. स. २०१६ मध्यें जळगांवच्या भरीत वांग्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगीं भाजावयाचीं, सालें काढून तीं लांकडी पात्रांत ठेचावयाचीं, त्यांत हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे व तेल घालावयाचें, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुऱ्यांबरोबर पंगत बसवावयाची. हा बेत एकट्यानें होत नाहीं. काड्या कोणी आणावयाच्या, वांगीं कोणी परतावयाचीं, ठेचावयास कोणी बसावयाचें, हें कुटुंबाकुटुंबांत ठरून गेलेलें असतें. वर सांगितलेल्या पहिल्या दोन खुणा येथें पूर्ण आहेत. तिसरी मात्र पुष्कळदां राहून जाते. हें शेत कोणी घेतलें, ही विहीर कोणत्या वर्षीं खोदली, या बांधावरचें झाड कोणी लाविलें, हें आजोबांस ठाऊक असतें; पण पंगत उठेपर्यंत तें त्यांस कोणी विचारीत नाहीं.

मुक्ताईनगरजवळील कोथळी येथून संत मुक्ताबाईंची पालखी आषाढी एकादशीकरितां पायीं पंढरपुरास जाते. वाट महिन्याहून अधिक दिवसांची. कित्येक घरांत आजोबांमागून वडील व वडिलांमागून मुलगा असे वारकरी त्या दिंडींत चालत आले आहेत. आपला विश्वास निराळा असला तरी, चालणें, मुक्काम व एकत्र गाणें यांच्या योगानें एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कशी पोंचते, हें आपण त्यांजकडून आदरानें शिकावें.

येथेंच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं कुटुंबांस उघड्यावरचा मुक्काम हा हौसेचा विषय नसतो. धुळें जिल्ह्यांतील ठेलारी मेंढपाळ आपलीं मेंढरें घेऊन चाऱ्यासाठीं महिनोन्‌महिने फिरतात. ऊंसतोडीसाठीं परमुलखांत गेलेलीं आपल्या भागांतील कुटुंबें हंगामभर कोपींत राहतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा मागें राहते. ज्याच्या घरीं पक्कें छप्पर आहे तो एक रात्र तंबूंत काढून आनंद मानतो. ज्याच्याजवळ तेंच छप्पर आहे, त्याचे विचार निराळे असतात. मांडवांचा सण हीच आठवण देण्याकरितां होता. म्हणून रानांत मुक्काम करणाऱ्या मुलानें शेजारच्या वाड्यावरील किंवा कोपींतील मुलाकडे तमाशा म्हणून पाहूं नये. तो या विद्येंत आपला गुरु आहे, असें समजून त्याजकडे पाहावें.

५. तंबूंत असें काय घडतें?

रीत घरींही लावतां येईल. मग रानांत कां जावें? याचें कारण असें कीं, घरीं प्रत्येकाची जागा ठरलेली असते. वडील कामावरून उशीरां येतात, आई चुलीपासून सुटत नाहीं, मुलें अभ्यासास किंवा पडद्यापुढें बसतात, आजोबा आपल्या कोपऱ्यांत असतात. एका छपराखालीं राहूनही चार जगें चार दिशांस चाललेलीं असतात. रानांत हीं ठरलेलीं स्थानें मोडतात. पाणी दुरून आणावें लागतें, म्हणून मोठा मुलगा उपयोगी पडतो. विस्तव पेटविण्याची युक्ति आजोबांस ठाऊक असते, म्हणून त्यांजभोंवतीं मुलें जमतात. अंधार लवकर पडतो, दिवा एकच असतो, म्हणून सर्वांस एका ठिकाणीं बसावें लागतें. जें घरीं महिनोन्‌महिने बोललें जात नाहीं, तें एका शेकोटीपाशीं सहज बोललें जातें.

हें तत्त्व बेडन-पॉवेल यांनीं ओळखलें होतें. इ. स. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांचा एक तळ भरविला. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुलें होतीं तशीं कष्टकऱ्यांचींही होतीं. त्यांच्या चार तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीचा नायक मुलांतूनच नेमिला, आणि रात्रीं शेकोटीभोंवतीं गोष्टी सांगण्याचा क्रम ठेविला. त्या एका आठवड्याच्या तळावर पडलेल्या चाली पुढें बालवीर चळवळीबरोबर जगभर गेल्या. आपल्या शाळांतील बालवीरही शेकोटीभोंवतीं बसतात, तें त्याच रीतीनें. कुटुंब हीही एक तुकडीच आहे, असें समजून पालकांनीं मुक्कामांत कामें वांटून द्यावीं. त्यांतही एक विनंति आहे. त्या दिवशीं स्वयंपाक वडिलांनीं व मुलांनीं करावा, आणि मातेस बसावयास चटई द्यावी. रानांत गेल्यावरही जिला घरचीच चूल फुंकावी लागते, तिच्या दृष्टीनें तो मुक्काम नव्हेच.

६. आरंभीं लावण्याजोग्या पांच रीती

सर्वच्या सर्व एकदम लावूं नयेत. यांतील एक किंवा दोन निवडाव्या व त्या सोडूं नयेत.

पहिली रीत, मोजणीची. सूर्य मावळतांच घरांतील एका मुलानें मोठ्यानें सर्वांचीं नांवें घ्यावीं व प्रत्येकानें ‘ओ’ द्यावी. ती संपल्यावांचून जेवण वाढूं नये. नदीकांठीं व धरणांच्या पाण्यांत मुलें बुडाल्याच्या दुःखद वार्ता दर वर्षीं कानांवर येतात, म्हणून ही रीत उपयोगाची आहे. पण तिचा खरा लाभ याहून खोल आहे. आपलें नांव रोज संध्याकाळीं कोणीतरी घेतें, आणि आपण ‘ओ’ दिल्यावांचून कोणी जेवत नाहीं, हें ज्या मुलास कळलें, त्यास आपण घराचे आहोंत हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

दुसरी रीत, आकाशाची. हिंवाळ्यांत जेवण झाल्यावर दिवा मालवून सर्वांनीं वर पाहावें. पूर्वेकडे मृग नक्षत्र वर येत असतें. त्यांतील एका ओळींतील तीन तारे म्हणजे बाण. त्या रेषेंत खालीं तेजस्वी व्याध, आणि वरच्या बाजूस कृत्तिकांचा पुंजका. ईयोबाच्या पुस्तकांत मृगशीर्ष व कृत्तिका यांचा उल्लेख आहे. म्हणजे हजारों वर्षांपूर्वीं त्या भक्तानें हेच तारे पाहिले. दर वर्षीं एक नवा तारा ओळखावयाचा, एवढा नियम पुरे. पाटणादेवीच्या परिसरांत गेल्यास मुलांस आणखी एक गोष्ट सांगावी. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म इ. स. १११४ चा. त्यांस विद्या मिळाली ती त्यांचे वडील महेश्वर यांजकडून. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं पाटण येथें मठ स्थापिला, असें तेथील शके ११२८ च्या शिलालेखावरून कळतें. बापाकडून मुलास व आजोबांकडून नातवास विद्या कशी पोंचते, याचा दगडांत कोरलेला पुरावा आपल्याच जिल्ह्यांत आहे.

तिसरी रीत, आजीच्या बोलीची. मुक्कामाच्या एका संध्याकाळीं घरची मूळ बोलीच बोलावी. कोणाच्या घरीं ती अहिराणी असेल, कोणाच्या लेवा बोली, कोणाच्या पावरी किंवा मावची. शहरांत व दूरच्या नोकरीच्या गांवीं वाढलेल्या नातवंडांस ती समजेनाशी झाली आहे, आणि आजीच्या म्हणी आजीबरोबर जाऊं लागल्या आहेत. त्या सायंकाळीं जो शब्द नवा वाटेल, तो मुलांनीं एका वहींत टिपून घ्यावा. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या घरकाम व शेतकाम करतांना गाणीं रचीत. मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनीं तीं उतरून ठेविलीं, बहिणाबाई इ. स. १९५१ मध्यें वारल्या, आणि पुढच्या वर्षीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. घरांतील कोणाजवळ लेखणी नसती, तर तें धन आपल्यास मिळतें ना. तुमच्या घरीं बहिणाबाई असतील कीं नाहीं, हें वही उघडल्यावांचून कसें कळणार?

चवथी रीत, धोंड्याची. दर मुक्कामाहून एक लहानसा गुळगुळीत धोंडा घरीं आणावा, त्यावर रंगानें वर्ष लिहावें, व तो खिडकींत मागील वर्षांच्या धोंड्यांजवळ ठेवावा. दहा वर्षांनीं ती ओळ पाहून घरांतील नवें मूल विचारील, आणि मग गिलगालप्रमाणें तुम्हांस उत्तर देतां येईल. अभयारण्यांतून अथवा प्राचीन लेण्यांच्या परिसरांतून मात्र कांहींही उचलूं नये. तेथून आठवणच आणावी.

पांचवी रीत, निघतांनाची. तळ सोडण्यापूर्वीं धाकट्या मुलानें राखेवर पाणी ओतावें व हात जवळ नेऊन ती थंड झाली कीं नाहीं हें वडिलांनीं पाहावें. सर्वांनीं मिळून कचरा वेंचावा. शिजविलेल्यांतील एक वांटा रखवालदारास, गुराख्यास किंवा वाटसरूस द्यावा. नंतर क्षणभर उभे राहून देवाचे आभार मानावे व मग गाडींत बसावें. वनखात्याच्या परवानगीवांचून अभयारण्यांत मुक्काम करूं नये व विस्तव पेटवूं नये, हें सांगावयास नकोच. दुसऱ्याची जागा आपण आलों त्याहून स्वच्छ करून सोडणें, ही ख्रिस्ती घराची ओळख असावी.

७. रीत कशानें मरते?

रीतीचे शत्रु तीन आहेत. पहिला खर्च. एका वर्षीं मोठा थाट केला, कीं पुढील वर्षीं तेवढा पैसा नसतो, आणि तेवढें करतां येत नाहीं म्हणून कांहींच होत नाहीं. म्हणून रीत अशी लावावी कीं, वाईट वर्षींही ती परवडेल. कपाशीस भाव नसेल त्या वर्षींही मोजणी होते, तारे दिसतात, धोंडा मिळतो. दुसरा शत्रु दिखावा. रीत लोकांस दाखविण्याकरितां होऊं लागली, म्हणजे घरच्यांस तिचा कंटाळा येतो. तिसरा शत्रु सक्ति. मुलगा सोळा वर्षांचा झाला, कीं त्यास कांहीं काळ हें सर्व पोरकट वाटतें. त्या वेळीं त्यास ओढूं नये. त्यास अधिक मानाचें काम द्यावें. काल ज्यानें ‘ओ’ दिली, त्यानें उद्यां नांवें घ्यावीं.

आणि एक वेळ अशी येते कीं, रीतीची खरी परीक्षा होते. एखाद्या वर्षीं घरांतील एक माणूस उणें होतें. गेल्या हिंवाळ्यांत ज्यांनीं विस्तव पेटविला, ते आजोबा या वर्षीं नसतात. मन म्हणतें, यंदा नको. पालकांनीं त्याच वर्षीं जावें. मोजणीच्या वेळीं त्यांचें नांवही घ्यावें, क्षणभर शांत राहावें, आणि त्यांच्याच युक्तीनें नातवानें विस्तव पेटवावा. पुनरुत्थानाची आशा आपण मंदिरांत शिकतों. पण मृताचें नांव प्रेमानें कसें घ्यावें, हें मूल घरींच शिकतें. ज्या घरांत अशी रीत नसते, तेथें दुःखाच्या वेळीं प्रत्येकजण आपल्या खोलींत एकटा रडतो.

८. ज्यांजवळ तंबू नाहीं

कोणी म्हणेल, आमच्याजवळ तंबू नाहीं, गाडी नाहीं, रजाही मिळत नाहीं. त्यांनीं नहेम्याचा आठवा अध्याय वाचावा. बंदिवासांतून परत आलेले लोक गरीब होते, नगर नुकतेंच सांवरत होतें. तरी त्यांनीं डोंगरावरून डहाळ्या आणून आपआपल्या घरांच्या छपरांवर व अंगणांत मांडव घातले, आणि फार मोठा आनंद झाला. मांडव लांब असावा असें शास्त्रांत कोठें नाहीं. वसतिगृहांतील मुलांचे आईबाप दूर असतात. त्यांनीं सुटींत घरीं गेल्यावर एक रात्र गच्चीवर, अंगणांत किंवा खळ्यावर सर्वांनीं मिळून निजण्याचा हट्ट धरावा. एक सतरंजी, एक कंदील व घरांतील सर्व माणसें, इतकें साहित्य पुरेसें आहे. दुसऱ्या सुटींत तीच सतरंजी पुन्हां अंथरावी. तिसऱ्या सुटींत धाकटी बहीण ती आपण होऊन घेऊन येईल, आणि तेव्हां ही रीत तुमच्या घराची झाली असें समजावें.

अभ्यास

१. रीतीच्या तीन खुणा कोणत्या? तुमच्या घरांतील एका रीतीस त्या लावून पाहा. कोणती खूण उणी आहे?
२. ईयोबानें उल्लेखिलेलीं नक्षत्रें हिंवाळ्याच्या एका रात्रीं शोधून त्यांचा नकाशा काढा.
३. आजी-आजोबांस किंवा शेजारच्या वृद्ध गृहस्थांस विचारून, आतां वापरांत नसलेले घरच्या बोलींतील दहा शब्द लिहा व प्रत्येकाचा अर्थ द्या.
४. मेंढपाळाच्या वाड्यावर अथवा ऊंसतोडीच्या कोपींत वाढणाऱ्या मुलास कोणत्या गोष्टी तुमच्याहून अधिक चांगल्या येत असतील? पांच लिहा.
५. (पालकांकरितां) तुमच्या बाळपणींची अशी कोणती रीत आहे कीं, जी तुम्हीं मुलांस दाखविली, पण जिचें कारण अद्याप सांगितलें नाहीं? तें येत्या सुटींत सांगावें.